‘आमच्यात मिसळा’ म्हणण्याआधी: किनाऱ्यावरच्या ग्रामसभांना खुले पत्र

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या किनारी गावांचे सन्माननीय सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि समस्त ग्रामस्थ मंडळी,

सप्रेम नमस्कार.

आपल्या ग्रामसभांत अलीकडे एक विषय हमखास निघतो, तो बाहेरून आलेल्या माणसांचा. आंब्याच्या बागेत राखणीला असलेली नेपाळी कुटुंबं, ट्रॉलरवरचे कर्नाटक, आंध्र, ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेशचे खलाशी, चिरेखाणीवरचे आणि बांधकामावरचे मजूर. एक बाजू म्हणते, इथे राहायचं तर इथल्यासारखं राहा, मराठी बोला. दुसरी म्हणते, त्यांचं ते राहतात, आपलं काय जातं? दोन्ही बाजूंचे आवाज चढतात, ठराव होतो किंवा बारगळतो, आणि दुसऱ्या दिवशी बागेत, बंदरावर सगळं पूर्वीसारखंच चालू राहतं.

या पत्रात आम्हाला एकच मागणं मांडायचं आहे. बाहेरून आलेल्यांनी मराठी शिकावी ही अपेक्षा रास्त आहे, ती सोडू नका. पण अपेक्षा करणाऱ्या गावाने शिकायची जागा, वेळ आणि माणूसही दिलं पाहिजे. तेवढं केलं नाही तर ‘मिसळा’ या शब्दाचा अर्थ ‘निघा’ असाच होतो, आणि ऐकणाऱ्याला तो बरोबर कळतो.

‘त्यांचं त्यांना राहू दे’ हे म्हणणंही आम्हाला मान्य नाही. ते ऐकायला उदार वाटतं, पण बऱ्याचदा ते सोयीचं असतं. ज्या मजुराला गावात कुणाशी बोलता येत नाही तो मजुरीचा हिशोब विचारत नाही, आजारी पडला तर आरोग्य केंद्रात एकटा जात नाही, आणि दुसऱ्या बागेत जास्त पैसे मिळतात हे त्याला कळत नाही. त्याला वेगळं राहू देणं म्हणजे त्याच्या संस्कृतीचा मान राखणं नव्हे.

हा वाद जगाला नवा नाही, आणि आपल्या किनाऱ्याला तर मुळीच नाही. गिरण्यांच्या काळात रत्नागिरीची माणसं मुंबईला गेली तेव्हा एका खोलीत एका गावचे पंधरा-वीस जण राहिले. ग्रामस्थ मंडळं काढली, गावच्या देवळासाठी वर्गणी जमवली, नमन आणि दशावतार मुंबईत नेले, शिमग्याला आणि गणपतीला रजा टाकून गाव गाठलं. कामाच्या जागी त्यांनी कामाची भाषा आणि शिस्त उचलली, खोलीवर गाव जपलं. आपल्या आजोबांनी मुंबईत जे केलं तेच आज बागेतला नेपाळी करतो, तेव्हा ‘हे मिसळत नाहीत’ असं म्हणताना थोडं थांबावं.

रायगडच्या किनाऱ्याचं उदाहरण आणखी जुनं आहे. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं. ते मराठी बोलू लागले, गावावरून किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावं घेतली, बायका नऊवारी नेसू लागल्या, पुढे धर्मकथांवर मराठीत कीर्तनंही झाली. शनिवारी मात्र धर्माप्रमाणे त्यांचा तेलाचा घाणा बंद असे. गावाने ते बदलायला लावलं नाही. ‘शनिवार तेली’ असं नाव दिलं आणि तेल इतर सहा दिवशी घेतलं. १९४८ नंतर यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. तिथे धर्म एकच होता, तरी १९६० च्या दशकात तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नांसाठी पिढ्यांची चौकशी करायचा नियम काढला. त्याविरुद्ध मोठं आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये त्या नियमातून त्यांचं नाव काढावं लागलं. म्हणजे भाषा एक झाली, धर्म एक असला, तरी यजमानाने ठरवलं तर माणूस परकाच राहतो. मिसळण्याची अर्धी किल्ली यजमानाच्या हातात असते.

रेवदंड्यासमोरचं कोर्लई तर अजून बोलतं आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, पण तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली बोली घरात टिकली. तीच माणसं बाजारात, शाळेत मराठी बोलतात. घरातल्या दुसऱ्या भाषेमुळे मराठीचं तिथे काही बिघडलं नाही.

आता बाहेरच्या देशांनी काय करून पाहिलं ते पाहू, कारण त्यांच्या चुका आपल्याला फुकट शिकता येतात. कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता हे अधिकृत धोरण म्हणून स्वीकारलं. त्या देशातल्या फ्रेंचभाषक क्युबेक प्रांताला ते पटलं नाही. आपली भाषा इंग्रजीच्या समुद्रात बुडेल ही त्यांची भीती खरी होती, मराठी माणसाला ती समजावून सांगायला नको. त्यांनी १९७७ मध्ये कायदा करून स्थलांतरितांच्या मुलांचं शिक्षण फ्रेंच शाळांत आणलं. सार्वजनिक व्यवहाराची भाषा एक, बाकी घर ज्याचं त्याचं, अशी त्यांची वाट. आमच्या मते कोकणाला जवळची वाट हीच आहे.

पण त्याच प्रांतात २००७ च्या जानेवारीत एरूव्हिल नावाच्या, साधारण १३०० वस्तीच्या गावाने स्थलांतरितांसाठी आचारसंहिता केली. बायकांना दगडांनी मारू नये, ॲसिडने जाळू नये, अशी कलमं तिच्यात होती. गावात बाहेरून आलेले जवळजवळ कुणी नव्हतेच. जगभर बोभाटा झाला, प्रांताला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि २००८ च्या अहवालात निघालं ते हे, की घडलेल्या प्रसंगांपेक्षा त्यांच्या सांगोवांगीने वातावरण जास्त तापलं होतं. ठराव लिहिण्याआधी सरपंचांनी हे गाव आठवावं. जे घडलं आहे तेच लिहावं. आणि घडलेल्या गोष्टीसाठी कायदा आधीच असेल, जसा चोरीला, मारहाणीला, बंदीतल्या मासेमारीला आहे, तर ठरावाची गरज नाही, तक्रारीची आहे. ‘परप्रांतीयांना घर भाड्याने देऊ नये’ असे ठराव तर टिकतच नाहीत. देशात कुठेही राहण्याचा हक्क नागरिकांना घटनेच्या कलम १९ ने दिला आहे, आणि नेपाळी नागरिकांना राहण्या-फिरण्याबाबत सवलत ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारातून मिळते.

नेदरलँड्सचं उदाहरण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथे नवागतांना भाषा शिकवायचं काम आधी नगरपालिकांकडे होतं. २०१३ पासून ते काढून घेतलं आणि सांगितलं, तुमचं तुम्ही शिका, तीन वर्षांत परीक्षा द्या, नाही तर दंड; पैसे नसतील तर दहा हजार युरोपर्यंत कर्ज घ्या. अनेक जण मुदतीत पास झाले नाहीत, कर्जं अंगावर आली, वर्ग चालवणाऱ्यांत फसवणारे निघाले. शेवटी २०२२ च्या नव्या कायद्याने ही जबाबदारी पुन्हा नगरपालिकांकडे दिली. जर्मनीने २००५ पासून उलट केलं: आधी ६०० तासांचा भाषावर्ग उभा केला, मग हजेरीची सक्ती. मागणी दोन्ही देशांची सारखीच होती.

आपल्याला ६०० तास परवडणार नाहीत, लागणारही नाहीत. आपल्याकडे नेमकं काय करता येईल, आणि कुठे बिघडतं, ते आता सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट नोंदवही. ती पोलीस पाटलांकडची नव्हे, ग्रामपंचायतीची, मदतीसाठीची. तीत पूर्ण नाव, गाव-जिल्हा, घरचा फोन, रक्तगट, घरी बोलायची भाषा, सोबतच्या मुलांची वयं, कामावर ठेवणाऱ्याचं नाव आणि येण्याची तारीख एवढं पुरे. सगळ्यात मोठी चूक नावातच होते. बागायतदाराच्या वहीत पाच माणसं असतात आणि पाचही ‘बहादूर’. कुणी आंब्याच्या कलमावरून पडला, कुणी होडीवरून गेला, तर शवविच्छेदनाच्या कागदावर लिहायला नाव नसतं, घरी कळवायला नंबर नसतो, भरपाईचा अर्ज तिथेच अडतो. नाव त्याच्या नागरिकता प्रमाणपत्रावरून उतरवा. तेही देवनागरीतच असतं.

त्या प्रमाणपत्रावरची तारीख मात्र जपून वाचा. नेपाळात विक्रम संवत चालतो, आणि वर्ष एप्रिलच्या मध्यात बदलतं. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंतच्या तारखेतून ५७ वजा करायचे, तिथून चैत्र संपेपर्यंत ५६. वैशाख २०७५ म्हणजे एप्रिल २०१८. फागुन २०७५ म्हणजे फेब्रुवारी-मार्च २०१९. शाळेच्या रजिस्टरात हे चुकलं की मूल चुकीच्या इयत्तेत बसतं आणि ती चूक दाखल्यावर कायमची राहते.

दुसरी गोष्ट शाळा. भाषेचा प्रश्न जिथे खरोखर सुटतो ती हीच जागा. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये शब्द ‘बालक’ आहे, ‘नागरिक’ नाही. ६ ते १४ वयाचं प्रत्येक मूल त्यात येतं. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्याला विशेष शिकवणी, कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून नकार नाही, आणि कलम ९ प्रमाणे स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य. आधार कार्ड नाही म्हणूनही मूल परत पाठवता येत नाही.

अडचण कॅलेंडरची आहे. नेपाळी कुटुंबं दसैं-तिहार आटोपून, म्हणजे आपल्या दिवाळीनंतर, बागांत उतरतात आणि पावसाआधी परततात. आपलं शालेय वर्ष जूनपासून, नेपाळचं वैशाखापासून. मूल इथे पहिलं सत्र संपल्यावर येतं आणि तिथे नवीन वर्ग सुरू झाल्यावर पोहोचतं, दोन्हीकडे उशिरा. म्हणून मुख्याध्यापकांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच प्रगतिपत्रक आणि दाखला पालकांच्या हातात द्यावा, आणि त्याचा फोटो बापाच्या फोनमध्ये टाकावा. पुढच्या वर्षी ते कुटुंब दुसऱ्या तालुक्यातल्या बागेत गेलं तर त्या एका फोटोमुळे मुलाचं वर्ष वाचतं. बाग आणि शाळा यांतलं अंतर हा दुसरा अडथळा. सड्यावरच्या बागेतून चार-पाच किलोमीटर चालत सहा वर्षांचं पोर येत नाही. बागायतदाराची गाडी सकाळी गावात येतेच, तिची वेळ शाळेशी जुळवून घेण्याचं बोलणं सरपंचांनीच करावं. मास्तरांच्या शब्दाला तिथे तेवढं वजन नसतं.

ज्यांना मराठी शाळांची काळजी वाटते त्यांना एक सांगणं आहे. आपल्या वाड्यांतली मुलं मुंबईला किंवा इंग्रजी माध्यमात गेली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट खाली आले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले होते. अशा शाळेत बागेतली चार-सहा पोरं आली तर पट सावरतो, आणि मराठीत वाचणारी चार-सहा मुलं गावात वाढतात. मराठी टिकवण्याचं याहून थेट काम ग्रामसभेच्या हातात दुसरं क्वचितच असेल.

तिसरी गोष्ट मोठ्यांची मराठी. इथे बाराखडीपासून सुरुवात करणारे वर्ग आठ दिवसांत ओस पडतात. नेपाळी माणसाला देवनागरी येते. त्याला अडतो तो ‘ळ’, आणि निर्जीव वस्तूंनाही तीन लिंगं का, हा प्रश्न. घर, भात हे शब्द तर सारखेच. पण काल आणि उद्या यांना तो हिजो आणि भोलि म्हणतो, आणि कामाचे गोंधळ इथेच होतात. शिवाय नेपाळहून आलेला प्रत्येक जण घरी नेपाळीच बोलतो असं नाही. तराईतल्या थारू कुटुंबांत थारू बोलतात. कन्नड, तेलुगू, ओडिया खलाशाला आपली लिपी वाचता येईलच असं नाही. त्याच्यासाठी पाटीपेक्षा चित्र आणि फोनवरचा आवाज बरा.

बागेसाठी वर्ग नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीअखेर घ्यावा. मार्चपासून काढणी, प्रतवारी, पेटी भरणं, तेव्हा कुणी येणार नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड-दीड तास म्हटलं तर बारा आठवड्यांत ३६ तास होतात. जागा शाळेचा वर्ग किंवा देवळाची धर्मशाळा. पण वर्गाला येणाऱ्याने आधी देवदर्शन घ्यावं असली अट नको. शिकवायला गावातली बारावी झालेली मुलगी-मुलगा मानधनावर घ्यावा, आणि ते मानधन बागायतदारांनी माणशी ठरवून द्यावं. बायकांना वेगळी वेळ लागते, दुपारची, कारण संध्याकाळी चूल त्यांच्याकडे असते. हे लक्षात न घेतलेले वर्ग पुरुषांचेच होतात, आणि मुलांना घेऊन आरोग्य केंद्रात जाणारी बाई बिनभाषेची राहते.

ट्रॉलरवाल्यांचं गणित निराळं. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत बाहेरचे खलाशी घरी जातात, आणि हंगामात बोट किनाऱ्याला लागली की झोप, जाळी, बर्फ, डिझेल यांतच वेळ जातो. तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागला की मात्र बंदरात माणसं दोन-तीन दिवस रिकामी बसलेली असतात. वर्ग त्या दिवशी घ्यावा. मच्छीमार सोसायटीने एक जण तयार ठेवला की पुरे.

शिकवायचं काय? आधी जीव वाचवणारे शब्द. थांब, सोड, ओढ, मागे हो, हात काढ, दोरी, पडला. जाळं ओढणारं विंच फिरत असताना तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा, एक शब्द कळला नाही तर हाताची बोटं जातात. तिथे भाषा हा अभिमानाचा विषय उरत नाही. बागेत मोहोराच्या फवारण्या. औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण सगळ्यांना दाखवा: लाल अतितीव्र विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा उतरत्या क्रमाने. वारा अंगावर येत असताना त्याच्या विरुद्ध फवारू नये, रिकामी बाटली पाण्याला वापरू नये, हे त्याला मराठीत वाचता येईपर्यंत त्याच्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे.

आणि म्हणूनच थोडं शिकणं आपल्याकडेही आहे. घाबरलेला माणूस स्वतःच्याच भाषेत ओरडतो. ‘रिंगटा लाग्यो’ म्हणजे चक्कर येते आहे, ‘वाकवाकी लाग्यो’ म्हणजे मळमळतं आहे. फवारणीनंतर हे दोन शब्द ऐकले की बागायतदाराने पंप खाली ठेवून, त्याचे कपडे उतरवून, अंग साबणाने धुऊन, औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठायचा आहे. तसेच नेपाळीत ‘तँ’, ‘तिमी’ आणि ‘तपाईं’ अशा आदराच्या पायऱ्या आहेत. पन्नाशीच्या माणसाला गावातलं पोर ‘ए बहादूर, तू इकडे ये’ म्हणतं तेव्हा त्याला ते नेमकं कुठे लागतं हे समजून घ्या. काका म्हणायला काही पडत नाही.

ज्याला आपण ‘त्यांची संस्कृती’ म्हणतो ती पुष्कळदा सोयीची कमतरता असते. ओढ्याकाठी घाण होते ही तक्रार खरी आहे, पण बागेतल्या ज्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, तीन कुटुंबं ठेवली तिथे संडास आहे का, हे आधी पाहा. नसेल तर नोटीस बागेच्या मालकाला गेली पाहिजे. ‘आमचं रेशन खातात’ हीही तक्रार ऐकू येते. बिहार-झारखंडचा खलाशी स्वतःच्या कार्डावरचा हिस्सा इथल्या दुकानात उचलतो, तेवढा त्याच्या घरच्या हिश्श्यातून वजा होतो. तुमच्या कार्डावरचा हक्क कमी होत नाही. नेपाळी नागरिकाला तर ते कार्डच मिळत नाही.

सिंधुदुर्गातल्या रापणकर (किनाऱ्यावरून रापण जाळं ओढणारे) आणि छोट्या मच्छीमारांचा राग मात्र वेगळा आहे आणि तो आम्ही सौम्य करून मांडणार नाही. कर्नाटकातल्या मलपी बंदराकडचे वेगवान ट्रॉलर आपल्या १२ सागरी मैलांत घुसून मासळी खरवडून नेतात, जाळी तोडतात. त्यावर १९८१ चा सागरी मासेमारी अधिनियम आहे, २०२१ मध्ये दंडही वाढवले आहेत, अंमल कमी पडतो. पण ‘परप्रांतीय’ हा एकच शब्द त्या ट्रॉलरच्या मालकालाही लागतो आणि आपल्याच नाखव्याच्या बोटीवर मजुरी करणाऱ्या खलाशालाही. समुद्रातल्या घुसखोरीचा राग बंदरावरच्या खलाशावर निघतो, आणि घुसखोरी तशीच चालू राहते. ठरावात हे दोन विषय एका परिच्छेदात लिहू नका.

मग गावाने मागायचं काय? व्यवहाराची मराठी, मुलांची शाळेत हजेरी, बंदीचे आणि जाळ्यांचे नियम, बायकामुलांना मारहाण नाही, अठराच्या आत मुलीचं लग्न नाही. हे ठामपणे, कुणालाही सूट न देता. आपल्या वाडीलाही हेच नियम. घरातली बोली, देव, पेहराव, ताटातलं अन्न यांत गावाने शिरू नये. यांच्या मधे काही गोष्टी उरतात: रात्रीचा स्पीकर, शिमग्याची वर्गणी, पालखी बागेतल्या खोपटापर्यंत न्यायची की नाही. त्यांना नियम करू नका, बसून बोला, आणि बोलताना त्यांच्यातला एक जण आणि एक बाई बैठकीत असू द्या. देवळातले मानपान कुणी मागत नाही. पण वर्गणी घेतली असेल तर प्रसादाच्या रांगेत जागा द्यावी लागेल.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तीन विषय घ्यावेत अशी विनंती: नोंदवही कोण ठेवणार, वर्ग कुठे आणि कुणाच्या पैशाने, आणि शाळेसाठी बागेतल्या मुलांची यादी कोण करणार. बागांत माणसं दिवाळीनंतर उतरतील. यादी त्याच आठवड्यात झाली तर मुलं दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच वर्गात बसतील.

आपले,
किनारपट्टीवरच्या शाळा, बागा आणि बंदरांत काम करणारे आम्ही काही जण